फाईल कोणासाठी? ज्येष्ठांच्या संरक्षणसेवेतील नोंदींचा इतिहास

आज आपण एका रुक्ष वाटणाऱ्या वस्तूचा इतिहास बघणार आहोत. ती वस्तू म्हणजे फाईल. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घरात मारहाण होते, उपाशी ठेवलं जातं, त्याचं पेन्शन परस्पर काढून घेतलं जातं, अशी खबर एखाद्या कार्यालयाकडे येते. मग कोणीतरी त्या घरी जातं, बघतं, बोलतं आणि परत येऊन लिहितं. या लिहिण्याची शिस्त कशी घडली, कोणी घडवली, आणि तिने म्हाताऱ्या माणसाचं भलं केलं की बुरं, हा आजचा विषय.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, माणूस मार खातोय आणि तुम्ही वह्यांचं काय घेऊन बसलात! शंका रास्त आहे. पण जरा विचार करा. त्या घरी एकदा गेलेल्या कर्मचाऱ्याची बदली होते, नोकरी सुटते, दुसरी दहा प्रकरणं अंगावर येतात. पुढचा निर्णय घेणारा अधिकारी तर त्या घरात कधी गेलेलाच नसतो. तो कागद वाचतो. त्या कागदावर ‘आजी विसरभोळ्या आहेत’ एवढं एक वाक्य असलं की आजींच्या तक्रारीचं वजन तिथेच कमी होतं. म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या घरात राहायचं की नाही, त्याच्या सहीला किंमत राहणार की नाही, हे पुष्कळदा या कागदावर ठरतं. म्हणून या कागदाचा इतिहास आपल्याला ठाऊक हवा.

हा इतिहास सर्वांत तपशिलाने सापडतो तो अमेरिकेत. तिथलीच पद्धत पुढे मुंबईत आली आणि आपल्याकडच्या समाजकार्याच्या शिक्षणात रुजली. तेव्हा आधी तिकडे जाऊ आणि मग घरी परत येऊ.

सुरुवात एकोणिसाव्या शतकात होते. 1869 साली लंडनमध्ये ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. त्याच नमुन्यावर 1877 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात तशीच सोसायटी निघाली आणि मग अनेक शहरांत त्या पसरल्या. या सोसायट्यांची मुख्य चिंता काय होती? गरीब माणूस उपाशी आहे, ही चिंता होतीच. पण त्याहून मोठी चिंता अशी की, एकच माणूस चार संस्थांकडून मदत लाटत तर नाही ना? म्हणून शहरभराच्या गरजूंची एक सामाईक नोंदवही ठेवायची. कोणी मदत मागायला आला की आधी वही बघायची. घरी जाऊन चौकशी करायची. दारू पितो का, काम करतो का, म्हातारी आई खरंच आजारी आहे का, सगळं लिहायचं. म्हणजे फाईलचा पहिला मालक होता दाता. जिच्याविषयी फाईल लिहिली जायची, त्या व्यक्तीसाठी ती नव्हतीच. ही जन्मखूण लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होईल.

याच सोसायटीच्या बाल्टिमोर शाखेत 1889 साली एक तरुण बाई नोकरीला लागल्या. त्यांचं नाव मेरी रिचमंड. जन्म 1861 चा. लहानपणीच आई-वडील गेले, आजी आणि मावशांनी वाढवलं. विद्यापीठाची पदवी नाही. कारकुनी कामातून वर आलेल्या या बाईंनी 1917 मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि समाजकार्यात ‘केस’ म्हणजे काय, ती कशी तपासायची, कशी लिहायची, याला पहिल्यांदा शास्त्राची बैठक मिळाली.

रिचमंडबाईंनी काय केलं, तर पुराव्याची कल्पना न्यायालयातून आणि इतिहासलेखनातून उचलली. त्यांनी पुराव्याचे तीन प्रकार मानले. एक, जे आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलं. दोन, जे कोणी आपल्याला सांगितलं. तीन, ज्यावरून आपण काही अनुमान काढलं. हे तीन कधी एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, आम्हांला ही शिस्त ओळखीची आहे. बखर आणि अस्सल पत्र यांत आपण जो फरक करतो, तोच हा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कार्यकर्ता लिहितो: ‘मुलगा आईची आबाळ करतो.’ हे झालं अनुमान. आता हेच असं लिहू या: ‘दुपारी दोन वाजता गेलो. आजी आतल्या खोलीत जमिनीवर सतरंजीवर होत्या. पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा नव्हता. डाव्या दंडावर जुना, पिवळट डाग दिसला. विचारल्यावर आजी म्हणाल्या, पडले. सून म्हणाली, सकाळपासून काही खाल्लं नाही, देऊनही घेत नाहीत.’ इथे मुलगा दोषी की नाही, याचा निवाडा नाही. पण ही नोंद सहा महिन्यांनी डॉक्टर वाचू शकतो, न्यायाधीश वाचू शकतो, आणि स्वतःचं अनुमान काढू शकतो. पहिल्या वाक्यावर फक्त विश्वास ठेवता येतो किंवा ठेवता येत नाही, तपासता काहीच येत नाही.

आता मुंबईकडे एक फेरी मारू. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी आणि समाजशास्त्रज्ञ मुंबईत नागपाड्याला काम करत होते. तिथे त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ चालवलं आणि 1936 साली तिथेच त्यांच्या पुढाकाराने ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं. व्यावसायिक समाजकार्य शिकवणारी ही भारतातली पहिली संस्था. 1944 मध्ये तिचं नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झालं. 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमले गेले, हीही देशातली पहिलीच नेमणूक. केसवर्क आणि केसची नोंद हे शब्द आपल्याकडे आले ते या वाटेने. बाकी कागद जपण्याची सवय आपल्या प्रांताला नवी नव्हती. पेशवे दफ्तराच्या गावात बसून आपण हे बोलतोय! पण ते दफ्तर राज्याचं होतं, जमाखर्चाचं होतं. एका सामान्य म्हातारीच्या दुःखाचा स्वतंत्र कागद, ही कल्पना नवी होती.

परत अमेरिकेत जाऊ. 1935 मध्ये सोशल सिक्युरिटी कायदा झाला आणि म्हातारपणी हातात थोडा पैसा येऊ लागला. आयुष्य वाढलं, एकटी राहणारी म्हातारी माणसं वाढली. 1950 नंतर तिथल्या समाजकार्यकर्त्यांपुढे एक नवा प्रश्न आला. घर उकिरड्यासारखं झालंय, गॅस उघडा राहतो, बिलं भरलेली नाहीत, जवळचं कोणी नाही, आणि दार वाजवलं तर आजोबा म्हणतात, ‘चालते व्हा!’ काय करायचं? यातून ‘संरक्षणसेवा’ ही कल्पना पुढे आली: मदत करायची, आणि गरज पडली तर न्यायालयाकडून पालक नेमून, माणसाच्या मनाविरुद्धही करायची. आता फाईलला दात आले. पूर्वी फाईलवरून फार तर मदत नाकारली जायची. आता फाईलवरून माणसाला घरातून हलवता येऊ लागलं.

1966 साली वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. साठीच्या घरातली एक बाई रस्त्यावर भरकटताना पोलिसांना सापडली आणि तिला मनोरुग्णालयात ठेवण्यात आलं. न्यायमूर्ती डेव्हिड बॅझेलॉन यांनी निकाल दिला की, कोंडून ठेवण्याआधी कमी बंधनाचे दुसरे उपाय आहेत का, हे शोधलं पाहिजे. आणि ते शोधण्याचं ओझं त्या बाईच्या डोक्यावर टाकता येणार नाही. त्या बाईंसाठी पर्याय काही मिळाला नाही, हे दुर्दैव. पण तत्त्व टिकलं. आमच्या मते नोंदीच्या इतिहासात या निकालाने एक नवा रकाना आणला: ‘याआधी दुसरं काय करून बघितलं?’ ज्या फाईलमध्ये हा रकाना रिकामा आहे, ती फाईल अपुरी.

आणि आता आपण आजच्या व्याख्यानाच्या मध्यबिंदूशी येतो. ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड शहर. तिथे ‘बेंजामिन रोझ इन्स्टिट्यूट’ ही वृद्धांसाठी काम करणारी जुनी संस्था. 1960 च्या दशकात तिथे मार्गारेट ब्लेंकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. स्वतःची नीट काळजी घेऊ न शकणारी, पण अजून घरीच राहणारी 164 म्हातारी माणसं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. 76 जणांना वर्षभर अनुभवी केसवर्करांची भरपूर सेवा दिली: डॉक्टर, वकील, घरकामाला बाई, पैशांची व्यवस्था, लागेल ते. उरलेल्या 88 जणांना शहरात एरवी जी काही मदत मिळायची, तेवढीच. आणि मग दोन्ही गटांचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवली. वर्षभर, आणि त्यानंतरही.

सगळ्यांना खात्री होती की पहिला गट सुखात असेल. झालं उलटं. सेवा मिळालेल्या गटातली अधिक माणसं संस्थांमध्ये, म्हणजे नर्सिंग होमसारख्या ठिकाणी, पोचली. आणि त्या गटात मृत्यूंचं प्रमाणही जास्त निघालं. फायदा झाला होता तो कोणाला? नातेवाइकांचा आणि आजूबाजूच्यांचा ताण हलका झाला होता!

मंडळी, जरा थांबा इथे. चांगल्या मनाची, शिकलेली, प्रामाणिक माणसं एका म्हातारीच्या घरी जातात. तिला सुरक्षित करायचं म्हणून तिला तिच्या ओळखीच्या खोलीतून, तिच्या मांजरापासून, तिच्या खिडकीपासून उचलतात आणि स्वच्छ खाटेवर नेऊन ठेवतात. फाईलवर लिहितात: प्रकरण बंद. आणि ती मरते. या गोष्टीचा धसका समाजकार्याच्या जगाने घेतला. ब्लेंकनर यांनी निष्कर्ष झाकून ठेवला नाही. आपल्या मदतीचं औषधच घातक ठरत असेल का, हा प्रश्न त्यांनी उघड विचारला. 1971 मध्ये पहिली मांडणी आणि 1974 मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यावर वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. 1976 मध्ये रेमंड बर्गर आणि अर्व्हिंग पिलिअव्हिन या अभ्यासकांनी तेच आकडे पुन्हा तपासले. त्यांचं म्हणणं, सेवा मिळालेला गट मुळातच जास्त वयाचा आणि जास्त खचलेला होता. तो फरक धरला तर मृत्यूंसाठी सेवेला दोष देता येत नाही. यावर पुन्हा उत्तरं आली. या वादाचा निकाल आज इथे लावण्याचं कारण नाही. आम्हांला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बर्गर आणि पिलिअव्हिन यांना आक्षेप घेता आला, तो कशाच्या जोरावर? पहिल्या दिवशी प्रत्येकाचं वय काय होतं, प्रकृती कशी होती, हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून. आणि ब्लेंकनर यांना मूळ प्रश्न विचारता आला, तो कशाच्या जोरावर? प्रकरण ‘बंद’ झाल्यानंतरही माणसाचं काय झालं, हे त्यांनी लिहीत ठेवलं म्हणून. नोंद नसती तर दोन्ही बाजूंना फक्त आपापल्या चांगल्या हेतूची साक्ष काढता आली असती. आणि चांगला हेतू, तुम्हांला ठाऊक आहे, सगळ्यांचाच असतो.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास, हा अहवाल आला त्याच सुमारास अमेरिकेने संरक्षणसेवा देशभर पसरवली. सोशल सिक्युरिटी कायद्यात ‘टायटल ट्वेंटी’ हे नवं प्रकरण जोडलं गेलं, 1975 पासून ते अमलात आलं, आणि प्रौढांच्या संरक्षणसेवेसाठी राज्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला. तिला तिकडे ‘ॲडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस’ म्हणतात; आपण नुसतं एपीएस म्हणू. त्याच 1975 साली ब्रिटनमध्ये बेकर आणि बर्स्टन या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत म्हाताऱ्या बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीविषयी लिहिलं. 1981 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ‘लपलेली समस्या’ म्हणून त्यावर अहवाल काढला. बहुतेक राज्यांनी कायदे केले. आणि हे कायदे करताना नमुना समोर ठेवला तो बालछळाच्या कायद्यांचा.

इथे एक मोठी मेख आहे. म्हातारा माणूस मूल नसतो. सत्तर वर्षांच्या बाईने कोणाच्या घरी राहायचं, कोणाला पैसे द्यायचे, दंडावरच्या डागाविषयी तोंड उघडायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. तिची समज शाबूत असेल तर ‘नको’ म्हणण्याचाही. मग केसवर्करने काय करायचं? हात झटकून परत यायचं? हळूहळू जी शिस्त ठरत गेली ती अशी: नकारही लिहायचा. तिच्याच शब्दांत लिहायचा. तेव्हा खोलीत आणखी कोण होतं ते लिहायचं, कारण मुलगा दारात उभा असताना दिलेला नकार आणि एकटीने दिलेला नकार एक नव्हे. तिला धोका समजावून सांगितला का, कोणत्या भाषेत सांगितला, तिला ऐकू येत होतं का, आणि पुन्हा विचार करावासा वाटला तर कोणाला फोन करायचा हे तिच्या हातात दिलं का, तेही लिहायचं. अशी नोंद असेल तर नकार हा तिचा निर्णय ठरतो. नसेल तर तो कार्यालयाची सोय ठरतो.

आकड्यांचं काय झालं? प्रत्येक राज्याची व्याख्या वेगळी, पुराव्याची पातळी वेगळी. एका राज्यात ‘सिद्ध’ ठरलेलं प्रकरण शेजारच्या राज्यात ‘असिद्ध’ ठरायचं. आणि ‘असिद्ध’ याचा अर्थ लोक ‘घडलंच नाही’ असा घ्यायचे. मग अभ्यासकांनी फाईली बाजूला ठेवून थेट घरोघरी विचारायला सुरुवात केली. 1988 मध्ये कार्ल पिलेमर आणि डेव्हिड फिंकेलहॉर यांनी बोस्टन परिसरातल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांना विचारलं. हजारी 32 जणांनी छळ किंवा आबाळ झाल्याचं सांगितलं, आणि छळणाऱ्यांत मुलांपेक्षा जोडीदार जास्त निघाले. फाईलींमधून हे चित्र दिसत नव्हतं. 1996 सालाविषयी झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज होता की सुमारे 4 लाख 50 हजार वृद्धांचा घरात छळ किंवा आबाळ झाली. एपीएसकडे नोंद होऊन सिद्ध झाली ती सुमारे 71 हजार. न्यूयॉर्क राज्याच्या 2011 च्या अहवालात तर 24 घटनांमागे एकच अधिकाऱ्यांपर्यंत पोचत असल्याचं दिसलं. म्हणजे नोंदवही कोरी आहे म्हणून गाव सुखी आहे, असं समजण्यात अर्थ नाही.

पुढे 2010 मध्ये ‘एल्डर जस्टिस ॲक्ट’ झाला. 2016 पासून राज्यांच्या प्रकरणांची एका साच्यातली माहिती देशपातळीवर गोळा होऊ लागली. आणि मे 2024 मध्ये, टायटल ट्वेंटीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, एपीएससाठी पहिल्यांदा केंद्रीय नियम निघाले. तातडीचा धोका असेल तर 24 तासांत प्रतिसाद, नसेल तर सात दिवसांत. आणि प्रकरणाची माहिती किमान पाच वर्षं जपायची. पन्नास वर्षं, मंडळी! क्लीव्हलँडने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जी सामाईक वही लागते, ती उघडायलाच इतका काळ गेला.

आता घरी येऊ. आपल्याकडे संसदेने 2007 मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम केला. महाराष्ट्राचे नियम 2010 मध्ये आले. प्रांताच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण, नव्वद दिवसांत निकाल आणि फार तर तीस दिवसांची वाढ, महिना जास्तीत जास्त 10,000 रुपये निर्वाहभत्ता, आणि ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2021 पासून 14567 ही देशव्यापी मदतवाहिनीही आहे. कायद्याच्या अंगाने आपण मागे नाही. भारतातल्या वृद्धत्वाच्या राष्ट्रीय पाहणीत, म्हणजे 2017-18 च्या ‘लासी’मध्ये, साठीपुढच्या सुमारे 5 टक्के लोकांनी आदल्या वर्षात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. हे घरी येऊन विचारणाऱ्याला सांगितलेलं आहे. न सांगितलेलं किती, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

नोंदींचं काय? केंद्राच्या नमुना नियमांत पोलीस ठाण्यांना स्पष्ट काम सांगितलं आहे. हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवायची. महिन्यातून निदान एकदा पोलिसाने समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला बरोबर घेऊन भेट द्यायची. ज्येष्ठांविरुद्धच्या गुन्ह्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवायची. दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत जिल्हा पोलीस अधीक्षकांना अहवाल द्यायचा. कागदावर हे उत्तम आहे. पण याच नियमांत असंही आहे की, ही नोंदवही लोकांना पाहण्यासाठी खुली राहील. हेतू चांगलाच: पोलिसांवर जनतेची नजर राहावी. पण आपल्या घराघरांत जी म्हण आहे ती आठवा: झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाने हात उगारला हे आई शेजारणीला सांगत नाही, ती चारचौघांनी चाळायच्या वहीत कसं लिहू देईल? अमेरिकेत खबर देणाऱ्याचं नाव आणि प्रकरणाचा तपशील गुप्त ठेवण्यावर इतका भर पडला, तो यासाठीच. पोलिसांचं काम उघड असावं आणि म्हातारीचं दुःख झाकलेलं असावं, या दोन्ही गोष्टी एका वहीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी दोन वह्या लागतात.

दुसरी अडचण तुकड्यांची. आजी ठाण्यात गेल्या तर एनसी नोंदली जाते आणि स्टेशन डायरीत एक ओळ पडते. सरकारी दवाखान्यात गेल्या तर केसपेपरवर ‘पडल्यामुळे मार’ असं येतं. प्रांताकडे गेल्या तर रोजनाम्यावर तारखा पडत जातात. मदतवाहिनीला फोन केला तर तिथे चौथी नोंद. चारही कागद आपापल्या जागी खरे. पण आजी एकच आहेत, हे सांगणारा कागद कुठला? घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात निदान ‘घरगुती घटना अहवाल’ आहे. संरक्षण अधिकाऱ्याने काय घडलं ते प्रकारवार लिहायचा ठरलेला नमुना. म्हाताऱ्या बाईलाही तो कायदा लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईत 1984 पासून पोलिसांच्या आवारात टाटा इन्स्टिट्यूटने चालवलेल्या महिला व मुलांच्या विशेष कक्षाने, समाजकार्यकर्ता ठाण्यात बसून काय करू शकतो ते दाखवून दिलं आहे. ज्येष्ठांच्या कायद्याखालच्या नमुना नियमांतले नमुने मात्र मुख्यतः अर्जाचे, पावतीचे, नोटिशीचे आहेत. घरी जाऊन काय बघायचं, काय विचारायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन काय तपासायचं, ते आपल्याला लिहायचं आहे.

नोंदीला केवढी किंमत येऊ शकते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयातही दिसलं. या कायद्याचं कलम 23 सांगतं की, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळू शकते. डिसेंबर 2022 मध्ये न्यायालय म्हणालं, तशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे. जानेवारी 2025 मधल्या प्रकरणात एका आईने बक्षीसपत्राबरोबर त्याच दिवशी मुलाकडून सांभाळाचं वचनपत्र घेतल्याचा दावा केला होता. न्यायालयाने कायद्याच्या हेतूकडे पाहून बक्षीसपत्र रद्द ठरवलं. एक साधा कागद. पण बक्षीसपत्रावर अंगठा उठवताना किती आयांना हा कागद सुचतो, आणि किती जणींना तो सुचवायला कोणी असतं?

मंडळी, सांगायचं ते आम्ही सांगितलं आहे, समारोपाला एवढंच. फाईल जन्मली तेव्हा ती देणाऱ्याच्या तिजोरीची राखण करत होती. रिचमंडबाईंनी तिला खरं-खोटं वेगळं करायला शिकवलं. न्यायालयाने तिला दुसरे पर्याय विचारायला लावले. क्लीव्हलँडने तिला सर्वांत अवघड प्रश्न विचारायला शिकवलं: आपण गेलो, त्याने त्या माणसाचं बरं झालं का? हा प्रश्न विचारायचा तर प्रकरण बंद झाल्यावरही वही उघडी ठेवावी लागते. आपल्याकडे वह्या आता कुठे उघडताहेत. तुमच्यापैकी कोणी ज्येष्ठ नागरिक संघात असतील, कोणी ठाण्याच्या स्वयंसेवक यादीत असतील. पुढच्या भेटीला जाल तेव्हा तीन गोष्टी करा. जे पाहिलं आणि जे ऐकलं ते वेगवेगळं लिहा. आजी-आजोबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. आणि पुन्हा कधी जाणार त्याची तारीख घाला. तारीख घातली की जावं लागतं.

आता प्रश्न घेऊ.